मूळचे कुठले?

माझा पुतण्या अबुधाबीला असतो, मोठमोठ्या इमारतींच्या एसीचं काम बघतो. गेल्या वर्षी एका सुट्टीच्या दिवशी त्यानं फोटो पाठवला, सादियात बेटावरच्या ‘अब्राहमिक फॅमिली हाऊस’चा. २०२३ साली लोकांसाठी उघडलेली ही वास्तू म्हणजे एकाच आवारात उभे केलेले तीन ठोकळे : मशीद, चर्च आणि सिनेगॉग. तिन्ही तीस-तीस मीटरचे. कोणी धाकटा नको, कोणी थोरला नको. फोटोखाली पुतण्यानं लिहिलं होतं, ‘काका, तीन धर्म, मूळ एकच!’ आणि पुढे जोडलेले हात.

त्याच आठवड्यात आमच्या कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीचा फॉर्म घरी आला होता. कोकणस्थांच्या बऱ्याच घरांत हा ठोकळा कपाटाच्या वरच्या फळीवर असतो. पहिल्या पानावर मूळपुरुष, मग शाखा, उपशाखा आणि अगदी शेवटी ‘हल्ली वास्तव्य : सॅन होजे’. जुन्या आवृत्तीत आमच्या मूळपुरुषाच्या नावाखाली बारीक टाइपात छापलंय, ‘यांच्याविषयी अधिक माहिती उपलब्ध नाही.’ माहिती नाही, पण त्यांच्यापासून पाच शाखा मात्र निघाल्या आहेत, आणि त्यातल्या दोन शाखा एका आंब्याच्या बागेवरून तीन पिढ्या कोर्टात भांडल्या. तेव्हा दोन्हीकडच्या वकिलांनी तोच मूळपुरुष साक्षीला काढला होता. त्याचा याहून दुसरा उपयोग झालेला मी तरी पाहिलेला नाही.

त्यामुळे ‘मूळ एकच’ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे सलोखा येत नाही, भाऊबंदकी येते. पुतण्याला तसं काही लिहिलं नाही. अंगठा पाठवला. फोटो मात्र पुन्हा पुन्हा मोठा करून बघत राहिलो. मग वाचताना कळलं, की ठोकळे सारखे असले तरी त्यांची तोंडं एका दिशेला नाहीत. मशीद मक्केकडे वळलेली, सिनेगॉग जेरुसलेमकडे, आणि चर्चची वेदी पूर्वेला.

आधी हा मूळपुरुष. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात अब्राहाम खऱ्या अर्थानं कामाला लागतो तो पंचाहत्तराव्या वर्षी. खास्द्यांच्या ऊर गावाहून बापाबरोबर हारानला आलेला हा गृहस्थ देवाच्या सांगण्यावरून बायको सारा, पुतण्या लोट आणि गुरंढोरं घेऊन कनान देशाकडे निघतो. पोटी मूल नाही. सारा आपली दासी हागार त्याला देते, इश्माएल जन्मतो. मग अब्राहामच्या वयाच्या शंभराव्या वर्षी सारेलाच इसहाक होतो आणि हागारची लेकरासह वाळवंटात रवानगी होते. इसहाकाकडून यहुद्यांनी आपला वंश लावला, इश्माएलकडून अरबांनी. ख्रिस्ती म्हणाले, रक्ताचं काय घेऊन बसलात, अब्राहामसारखा विश्वास ठेवणारा तो अब्राहामचा पुत्र. सातबारा एक, हक्कदार तीन.

आता या सातबाऱ्यावरची पहिली नोंद कधीची? परंपरा अब्राहामला इ.स.पू. २०००च्या आगेमागे बसवते. लेनर्ड वूली यांनी १९२२ ते १९३४ या काळात दक्षिण इराकमध्ये ऊर खणलं. राजघराण्याच्या थडग्यांतून सोनं निघालं, तंतुवाद्यं निघाली, आणि अब्राहामचं गाव सापडलं म्हणून जगभरच्या भाविकांना आनंद झाला. गाव खरंच निघालं. पण गाव खरं निघालं म्हणून माणूस खरा ठरत नाही. नाशिक खरं आहे, म्हणून शूर्पणखेचं नाक तिथंच कापलं गेलं असं कोणी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही.

उलट गोष्टीतच फटी आहेत. ‘खास्द्यांचं ऊर’ म्हणायचं तर खास्दी लोक तिथं असायला हवेत. ते इतिहासात दिसू लागतात इ.स.पू. नवव्या शतकात. इसहाक पलिष्ट्यांच्या राजाशी विहिरींवरून तंडतो, पण पलिष्टी त्या किनाऱ्याला लागले इ.स.पू. बाराव्या शतकात. आणि उंट! इसहाकासाठी मुलगी बघायला निघालेला नोकर दहा उंट घेऊन जातो आणि रिबेका त्या दहाही उंटांना विहिरीचं पाणी शेंदून पाजते. (तहानलेला उंट एका दमात शंभर लिटरपर्यंत पाणी पितो. हा हिशेब लिहिणाऱ्यानं केलेला दिसत नाही, किंवा केला असेल तर सून म्हणून कोण हवी याचा त्याचा अंदाज वेगळा होता.) तेल अवीव विद्यापीठाच्या संशोधकांनी अरावा खोऱ्यातल्या जुन्या तांब्याच्या भट्ट्यांजवळ सापडलेली उंटांची हाडं तपासली, तेव्हा त्या मुलखात माणसाळलेला उंट आला तो इ.स.पू. दहाव्या शतकाच्या शेवटाकडे, असं निघालं. पेशव्यांच्या बखरीत डेक्कन क्वीनचं तिकीट सापडावं, तसं हे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विल्यम ऑलब्राइटसारखे मातब्बर पुरातत्त्वज्ञ अब्राहामला इतिहासात जागा मिळेल म्हणून खटपट करत होते. १९७४ आणि १९७५ साली टॉमस टॉम्प्सन आणि जॉन व्हॅन सेटर्स या दोघांची पुस्तकं लागोपाठ आली आणि ती खटपट बरीचशी थंडावली. आज विद्यापीठांतून अब्राहामचं चरित्र सहसा कोणी शिकवत नाही. अब्राहामची गोष्ट कोणी, केव्हा, कशासाठी रचली हे शिकवतात.

ते मला जास्त रंजक वाटतं. इ.स.पू. ५८६ साली बाबेलच्या (बॅबिलोनच्या), म्हणजे खास्द्यांच्याच, सैन्यानं जेरुसलेमचं मंदिर जाळलं आणि यहुदाच्या राज्यातली वरच्या थरातली माणसं धरून नेली. तिथं, नदीकाठच्या परक्या मुलखात, या माणसांनी आपल्या जुन्या गोष्टी गोळा केल्या, जुळवल्या, नव्यानं सांगितल्या, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. सगळं तिथंच रचलं असं नाही. काही गोष्टी नक्कीच जुन्या. पण जरा विचार करा. खास्द्यांच्या देशात अडकलेल्या आणि घरी जायला आसुसलेल्या माणसांना आपला मूळपुरुष कोणत्या गावाहून निघाला होता असं आठवलं? खास्द्यांच्या ऊरहून. आणि कुठं जायला? कनानला. आजोबांनी जी वाट चालली तीच आता नातवंडांनी चालायची आहे. इथं नातवंडांनी आजोबांना वाटेला लावलंय.

गोष्टी जुळवल्याच्या शिवणीही दिसतात. बायकोला बहीण म्हणून सांगून राजापासून जीव वाचवण्याचा प्रसंग उत्पत्तीत एकदा नाही, तीनदा येतो. दोनदा अब्राहाम, एकदा इसहाक. एकदा मिसरचा फारो, दोनदा अबीमलेख. एकच आख्यान तीन गावच्या कीर्तनकारांकडून आलं आणि संपादकाला एकही गाळवेना, असं काहीतरी झालं असावं. मला त्या संपादकाबद्दल आपुलकी वाटते. आमच्या कुलवृत्तांताच्या संपादकांनीही एका पणजोबांच्या मृत्यूच्या दोन तिथी दिल्या आहेत आणि खाली ‘दोन्ही शाखांच्या आग्रहास्तव’ असं लिहिलंय.

बरं, माणूस बाजूला ठेवू. देव तरी मुळापासून एकच होता ना? इथं मुळं आणखीच गुंततात. १९२८ साली सीरियाच्या किनाऱ्यावर एका शेतकऱ्याचा नांगर एका थडग्याला अडकला आणि उगारित नावाचं शहर उजेडात आलं. तिथल्या मातीच्या विटांवर कनानी देवांच्या कथा निघाल्या. देवांचा म्हातारा कुटुंबप्रमुख एल, त्याची पत्नी अशेरा, आणि गडगडाट करणारा तरणाताठा बाल. हा एल ओळखीचा आहे. इस्राएल, इश्माएल, बेथेल या सगळ्या नावांत तो बसलेला आहे. निर्गम या पुस्तकात तर देव मोशेला स्वच्छ सांगतो, की अब्राहामला मी ‘एल शद्दाय’ म्हणून दिसलो, माझं याव्हे हे नाव त्याला माहीत नव्हतं. म्हणजे दोन देवांचं खातं कधीतरी एकत्र केलं, तेव्हाची ही फेरफाराची नोंद. आणि १९७५-७६ साली सिनायच्या वाळवंटात कुंतिल्लेत अजरूद इथं इ.स.पू. आठव्या शतकाच्या सुमाराचे रांजण मिळाले, त्यांवर आशीर्वाद लिहिलेला आहे : शोमरोनचा याव्हे आणि त्याची अशेरा यांच्या नावानं. त्याची अशेरा म्हणजे बायको की पूजेचा खांब, यावर पंडित अजून भांडतायत. काहीही असो, देव एकटा नव्हता.

तेव्हा मूळ एक आहेच म्हणायचं असेल, तर त्या मुळाशी एल, अशेरा, बाल अशी सगळी मंडळी बसलेली आहेत. त्यांना मात्र कोणी फॅमिली हाऊसमध्ये चौथा ठोकळा दिलेला नाही.

आमच्या एका ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी एक निरोप फिरतो : अब्राहाम म्हणजे ब्रह्मा, सारा म्हणजे सरस्वती, सगळे तिकडचे मूळचे इकडचेच. मी यावर बरीच वर्षं हसत आलो. नुसत्या ध्वनिसाम्यावर संसार थाटायचा म्हणजे काय! पण पुढे ऊरच्या भट्टीची गोष्ट वाचली आणि हसू जरा आवरतं घेतलं.

ती गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. लहानग्या अब्राहामचा बाप मूर्ती विकायचा. एकदा पोराला दुकानावर बसवून तो बाहेर गेला. पोरानं काठीनं सगळ्या मूर्ती फोडल्या आणि काठी सर्वांत मोठ्या मूर्तीच्या हातात दिली. बाप आला, ओरडला. पोरगं म्हणालं, यांच्यात नैवेद्यावरून भांडण झालं, मोठ्यानं बाकीच्यांना फोडलं. बाप म्हणतो, काय थट्टा करतोस, यांना काही कळतं का? पोरगं म्हणतं, तुमच्या कानांनी ऐका तुमचं तोंड काय बोललं ते. मग राजा निम्रोद त्याला आगीत टाकतो आणि तो सुखरूप बाहेर येतो. झकास गोष्ट आहे, कीर्तनात रंगेल अशी. फक्त ती बायबलमध्ये नाही. उत्पत्तीत मूर्तींचं दुकानही नाही आणि भट्टीही नाही.

मग आली कुठून? तर हिब्रूत ‘ऊर’ या शब्दाचा एक अर्थ होतो ज्वाळा. ‘मी तुला खास्द्यांच्या ऊरमधून बाहेर काढलं’ असं देव अब्राहामला म्हणतो. कोणी चाणाक्ष वाचकानं ते ‘खास्द्यांच्या आगीतून बाहेर काढलं’ असं वाचलं, आणि एका गावाची भट्टी झाली. रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मपंडितांनी, त्यावर इमला चढवला. अब्राहामचा भाऊ हारान ‘खास्द्यांच्या ऊरमध्ये’ मेला असं एक कोरडं वाक्य बायबलमध्ये आहे. रब्बी म्हणाले, म्हणजे तो आगीत मेला. कुंपणावर बसला होता बिचारा : अब्राहाम जिंकला तर मी अब्राहामचा, राजा जिंकला तर राजाचा. अब्राहाम आगीतून जिवंत आला तेव्हा हा पुढे झाला, पण उशीर झाला होता. संत जेरोमनं लॅटिन बायबलमध्ये नहेम्याच्या पुस्तकात तर सरळ ‘खास्द्यांच्या आगीतून’ असंच भाषांतर करून टाकलं. सातव्या शतकात कुराणात हीच कथा येते. इब्राहिम सगळ्या मूर्ती फोडतो, मोठी तेवढी ठेवतो आणि विचारणाऱ्यांना म्हणतो, या मोठ्यानंच केलं असेल, बोलता येत असेल तर विचारा त्यांना. आणि देव आगीला म्हणतो, आगी, इब्राहिमसाठी थंड हो. तुर्कस्तानातल्या उर्फा शहरात ती आग जिथं पाणी झाली ते कुंड दाखवतात. जळत्या ओंडक्यांचे मासे झाले म्हणे. ते मासे अजून आहेत आणि भाविक त्यांना खाऊ घालतात.

मुसलमान म्हणतील, खरी घटना अल्लानं पुन्हा सांगितली, उसनवारीचा प्रश्न येतोच कुठं? श्रद्धेच्या जागी उभं राहून ते बरोबर आहे. मी त्या जागी उभा नाही. मला दिसतं ते असं, की तीन धर्मांना जोडणारा सर्वांत पक्का धागा एका श्लेषातून निघाला. तो कोण्या मूळपुरुषाकडून वारशानं उतरलेला नाही. शेजारीपाजारी राहणाऱ्या माणसांनी गोष्टी एकमेकांकडून ऐकल्या, आपल्या केल्या, पुढे सांगितल्या. वडाच्या पारंब्या वरून खाली येतात, जमिनीत शिरतात, जाड होतात, आणि शंभर वर्षांनी मूळ खोड कुठलं ते गुराख्यालाही सांगता येत नाही.

धागा म्हटलं, पण त्याच धाग्याचा फासही होतो. देवानं अब्राहामला मुलगा बळी द्यायला सांगितलं, ऐन वेळी हात धरला आणि मेंढा दिला. ही गोष्ट तिघांचीही. पण मुलगा कोणता? उत्पत्ती म्हणते, ‘तुझा पुत्र, तुझा एकुलता एक, इसहाक’. आता इसहाक एकुलता एक कसा? इश्माएल त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठा, बायबलच्याच हिशेबानं. कुराणात मुलाचं नावच नाही. सुरुवातीच्या मुस्लिम भाष्यकारांत याबद्दल सरळ दोन तट होते. दहाव्या शतकाच्या आरंभी वारलेला तबरी, केवढा मोठा पंडित, त्याचा कौल इसहाककडे होता. चौदाव्या शतकातल्या इब्न कसीरनं ठासून सांगितलं, मुलगा इस्माईलच. ‘एकुलता एक’ हे शब्दच त्याची साक्ष देतात, ‘इसहाक’ मागाहून घुसडलंय. आज बकरी ईदला कोणत्याही मुसलमानाला विचारा, इस्माईलशिवाय दुसरं नाव येणार नाही. ख्रिस्ती मंडळींनी तिसरीच वाट काढली. पाठीवर लाकडं घेऊन डोंगर चढणारा इसहाक म्हणजे क्रूस वाहणाऱ्या येशूची आधीच दाखवलेली सावली, आणि इसहाकाला सोडलं, येशूला सोडलं नाही. प्रसंग एक, पण बळी कोण, हेच तिघांचं वेगळं.

वारसाहक्काचा दावा तर ख्रिस्ती धर्माचा सुरुवातीचा प्रचारक पौल यानं असा लढवला की वकिलांनी शिकावं. स्वतः यहुदी असलेला हा माणूस गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात म्हणतो, देवानं वचन दिलं ते अब्राहामला आणि त्याच्या ‘संतानाला’. ‘संतानांना’ असं अनेकवचन तिथं नाही, तेव्हा वारस एकच, ख्रिस्त. पुढे तर तो हागार म्हणजे सिनाय पर्वत आणि आताचं जेरुसलेम अशी जोडणी करून नियमशास्त्राला धरून राहणाऱ्या आपल्याच लोकांना दासीच्या पोटचे ठरवतो. दत्तकाला सगळी इस्टेट आणि सख्ख्याला घराबाहेर. कुराणानं वादाचा पायाच काढून घेतला : इब्राहिमवरून का भांडता, तौरात आणि इंजील तर त्याच्यानंतर आली, तो ना यहुदी होता, ना ख्रिस्ती. इथपर्यंत मी मान डोलावतो, कारण इतिहासाच्या दृष्टीनंही हे अगदी खरं आहे. पण पुढचा शब्द येतो, की तो मुस्लिम होता. तिथं अर्थ ‘ईश्वराला शरण गेलेला’ असा आहे, हे ठाऊक आहे मला. तरी सातबाऱ्यावर नाव लागलं ते लागलंच.

‘अब्राहामचे तीन धर्म’ हा गोड शब्दप्रयोग तसा अलीकडचा. फ्रेंच अभ्यासक लुई मासिन्योंनं त्याला बळ दिलं, १९६५ साली कॅथलिक चर्चनं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत यहुदी आणि मुस्लिमांविषयीची भूमिका बदलताना अब्राहामचं नाव घेतलं. हेतू चांगलाच होता. दोन हजार वर्षांच्या द्वेषानंतर काहीतरी समान हवं होतं. २०२० साली इस्राएल आणि अरब अमिरात यांच्या कराराला ‘अब्राहम करार’ नाव पडलं, तेव्हा म्हातारा राजनैतिक नोकरीतही शिरला. आपल्याकडे हाच शब्द शिवीसारखा वापरतात, ‘अब्राहमिक’ म्हणजे सगळे एकाच माळेचे मणी. प्रेमानं बांधलेली मोळी काय आणि रागानं बांधलेली काय, आतली लाकडं कोणी बघत नाही.

ती बघायची तर वेस्ट बँकेतल्या हेब्रोनला. सारा वारली तेव्हा अब्राहामनं एफ्रोन हित्तीकडून मकपेलाची गुहा चारशे शेकेल रुपं मोजून विकत घेतली. फुकट देतो म्हणत असताना त्यानं दाम मोजले, म्हणजे पुढे कोणी हक्क सांगायला नको. काय हा दूरदर्शी माणूस, आणि काय त्याचं नशीब! हेरोद राजानं त्या जागेभोवती प्रचंड दगडी भिंत बांधली. पुढे तिथं चर्च झालं, मशीद झाली, क्रुसेडवाल्यांचं पुन्हा चर्च, पुन्हा मशीद. तेराव्या शतकात मामलुक सुलतानानं यहुद्यांना आत मज्जाव केला. त्यांनी बाहेरच्या जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंतच यायचं, असा दंडक पुढे शतकानुशतकं चालला. १९२९च्या दंगलीत हेब्रोनमधले ६७ यहुदी मारले गेले. २५ फेब्रुवारी १९९४ला, रमजानात, बारूक गोल्डस्टीन नावाच्या यहुदी डॉक्टरनं मशिदीत नमाज पढणाऱ्यांवर पाठीमागून गोळ्या झाडल्या. २९ माणसं मेली. त्यानंतर इमारतीची वाटणी झाली. आता इसहाक आणि रिबेकाच्या समाध्या मुस्लिमांच्या भागात, याकोब आणि लेआच्या यहुद्यांच्या भागात, आणि अब्राहाम मधे. त्याच्या समाधीच्या खोलीला दोन बाजूंनी जाळीच्या खिडक्या आहेत, एकीकडून हे बघतात, दुसरीकडून ते. वर्षातले दहा दिवस पूर्ण इमारत यांना, दहा दिवस त्यांना. वाटणीपत्र म्हणून बघितलं तर चोख आहे.

उत्पत्तीच्या पंचविसाव्या अध्यायात एक ओळ आहे. अब्राहाम एकशे पंचाहत्तराव्या वर्षी वारला, आणि त्याचे पुत्र इसहाक आणि इश्माएल यांनी त्याला मकपेलाच्या गुहेत पुरलं. बस. हाकलून दिलेला थोरला आला कधी, कोणी निरोप धाडला, दोघं काय बोलले, काही नाही. या सगळ्या पोथ्यांमध्ये मला खरी वाटणारी एवढीच एक ओळ आहे. उंटांचा पुरावा कसाही असो, भाऊ बापाच्या मातीला जमतात हे मी आमच्या दोन शाखांतसुद्धा पाहिलंय. तेराव्यानंतर पुन्हा तारीख पडली, हा भाग वेगळा.

आणि आता अलिबाग. आजोळ तिथलं. इस्राएल आळीच्या तोंडाशी मामांचं घर, पलीकडे एक मावशी राहायच्या, बेने इस्राएल म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजातल्या. नऊवारी नेसायच्या, शनिवारी चूल पेटवायच्या नाहीत, आणि भांडायच्या त्या शुद्ध अष्टागरी मराठीत. त्यांच्या प्रार्थनामंदिराचं नाव मागेन आबोथ, म्हणजे पूर्वजांची ढाल. हे पूर्वज म्हणजे अब्राहाम, इसहाक, याकोब. पण मावशींना विचारलं तर त्या सांगत ती गोष्ट नवगावच्या समुद्राची. फार फार वर्षांपूर्वी गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, पोथ्या बुडाल्या, हिब्रूतली ‘शेमा’ ही प्रार्थना एवढी तोंडात राहिली. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत.

सात आणि सात चौदा. हा आकडा माझ्या कुलवृत्तांतातही आहे! एका दंतकथेत परशुरामाला समुद्राच्या कडेला चौदा प्रेतं सापडतात, तो ती चितेवर शुद्ध करून जिवंत करतो, तेच चित्पावन. एकाच किनाऱ्यावर, एकाच आकड्याची, समुद्रातून आलेल्या परक्यांची गोष्ट दोन समाजांकडे. यावरून चित्पावन यहुदीच असं ठरवणारे विद्वान होऊन गेले आहेत. मला एवढंच वाटतं, की ज्यांना आपण कुठून आलो ते आठवत नाही त्यांना समुद्र उपयोगी पडतो.

बेने इस्राएलांबद्दल खात्रीचा लेखी उल्लेख सापडतो तो अठराव्या शतकातला. त्यांना अब्राहाम-मोशेची सविस्तर ओळख झाली ती काही कोचीनच्या यहुद्यांकडून आणि बरीचशी ख्रिस्ती मिशनऱ्यांकडून, मराठीतून छापलेल्या बायबलातून. मुंबईचे स्कॉटिश पाद्री जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रू भाषेचं व्याकरण लिहिलं ते मराठीत. या लोकांनी ख्रिस्ती व्हावं ही आशा. झालं उलटंच, ते अधिक पक्के यहुदी झाले. १८८०च्या सुमारास मुंबईत त्यांची कीर्तनं सुरू झाली. पूर्वरंग, उत्तररंग, साक्या, दिंड्या, आणि आख्यान अब्राहामचं, योसेफाचं. म्हणजे यहुद्यांचा मूळपुरुष यहुद्यांकडे आला ख्रिस्त्यांच्या हातून, मराठीत, आणि उभा राहिला नारदाच्या गादीवर. रोपटं आधी, मुळं मागाहून.

१९४८ नंतर ही माणसं अब्राहामच्या देशी जाऊ लागली. १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठानं फर्मान काढलं, की बेने इस्राएलांची लग्नं लावण्याआधी त्यांच्या आईकडच्या पिढ्या जमेल तितक्या मागेपर्यंत तपासाव्यात. अब्राहामच्या नातवंडांकडे वारसनोंद मागितली. १९६४ साली लोकांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, तेव्हा इस्राएलच्या संसदेनं ते सर्वार्थानं यहुदीच आहेत असा ठराव केला. देवानं दिलेलं वचन शेवटी ठरावानं पक्कं करावं लागलं.

मावशीही गेल्या, दिमोनाला, मुलाकडे. १९९२ साली भारत-इस्राएल संबंध सुरळीत झाल्यावर दोन-तीनदा येऊन गेल्या. आल्या की खंडाळ्याला जायच्या. घाटातलं नव्हे, अलिबागजवळचं. तिथं एका खडकावर एलियाहू नबीच्या रथाच्या चाकाची खूण आहे, स्वर्गात जाताना तो इथं टेकला म्हणे. नवस फेडायचा तर मलिदा : भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, भोवती फळं. मलिदा हा शब्द दर्ग्यातला, पोहे कोकणातले, नबी हिब्रू आणि अरबी दोन्हीतला. शेवटच्या खेपेला मी बरोबर होतो. मांडीवर ताट घेऊन मावशी टमटममध्ये बसल्या होत्या. वाटेत त्या मुलाशी फोनवर हिब्रूत बोलल्या, मग माझ्याशी मराठीत.

टमटमवाला आरशातून बघत होता. न राहवून म्हणाला, ‘आजी, फोनवर काय बोललात ते कळलं नाय, पन हे बोलनं आपल्याकडचं वाटतं. मूळच्या कुठल्या?’

मी मागे वळून बघितलं. मावशींनी ताटावरचा रुमाल सारखा केला.

‘नवगावची,’ त्या म्हणाल्या. ‘तू?’

‘कुर्डूसचा.’

‘म्हणजे पोयनाडच्या बाजाराला यायचास की तू,’ मावशी म्हणाल्या, आणि मग खंडाळे येईपर्यंत दोघं पोयनाडच्या सुक्या मासळीबद्दल बोलत राहिले.